साळूबाईचं बीळ किती जुनं?

एका जंगलात, लेकरांनो, नदीकाठच्या दरडीत साळूबाई नावाची सायाळ राहायची. सोबत नवरा काटेराव आणि परवाच जन्मलेली दोन पिल्लं. दरडीला थर होते. वर काळी माती, मधे तांबडी, तळाला दगड. साळूबाईचं बीळ मधल्या थरात.

एकदा सिंहमहाराजांचं फर्मान सुटलं. "आपल्या जिल्ह्यातल्या थरांची वर्गवारी करा. ज्यात पुराणी हाडं सापडतील तो थर प्राचीन. तिथल्यांनी बिऱ्हाड हलवावं."

पाहणीला आले बगळेशास्त्री. बिळात मान घातली नि ओरडले, "हाडंच हाडं! थर प्राचीन. बाई, उद्या बीळ रिकामं करा."

साळूबाईने पिल्लं पोटाशी ओढली. एवढीशी पिल्लं घेऊन जायचं कुठे? बाहेर बिबट्या टपलेला.

"अहो शास्त्रीबुवा, ती हाडं मीच आणलीत. आम्ही सायाळी दात झिजवायला हाडं कुरतडतो. ते मोठं हाड तर गेल्या शिमग्याला मेलेल्या रानडुकराचं! जुनंच बघायचंय तर तळाच्या दगडात बघा. अख्खा मासा आहे, दगड झालेला."

"तिथे चिखल आहे."

"बगळ्याला चिखलाचं वावडं कधीपासून?" काटेराव पुटपुटला.

"हुद्दा मिळाल्यापासून," शास्त्री म्हणाले. "आणि हाडांवरच्या या खुणा बघा. लाखो वर्षांपूर्वीच्या जनावराचे दात!"

साळूबाईने ते हाड उचललं नि कर्रकन चावलं. जुन्या खुणेशेजारी नवी खूण. अगदी तंतोतंत.

जमलेली माकडं खिदळली. शास्त्रींची मान पंखांत गेली. आतूनच पुटपुटले, "माझा अहवाल तर पाहणीच्या आधीच, सकाळी दरबारात पोचलाय!"

साळूबाईने ते बरोब्बर हेरलं. हात जोडून म्हणाली, "माझंच चुकलं, बुवा. अहवाल खोटा कसा असेल? दात जुळले, म्हणजे लाखो वर्षांचं ते जनावर मीच असणार."

शास्त्रींचा जीव भांड्यात पडला. "मी दुसरं काय म्हणतोय मघापासून?"

मग काय! प्राचीन वस्तू जागची हलवायची नाही, असा कायदाच होता. दरडीवर पाटी लागली. ती उभी राहीना, म्हणून तळाचा मासेवाला दगड फोडून तिला टेकू दिला. शंभर पावलं लांब राहण्याची बिबट्याला ताकीद मिळाली. दरबारातून रोज कंदमुळं येऊ लागली, आणि साळूबाईची ती लाखो वर्षांची पिल्लं खाऊनपिऊन चांगली गुटगुटीत झाली.

तात्पर्य: शहाण्याला त्याची चूक दाखवू नये. ती पुरेशी मोठी असेल, तर आत सहकुटुंब राहता येतं.