रेवणप्पानं मारलेली कुस्ती

शिवकांताचं लग्न आपल्याशीच होणार, याबद्दल जळकोटच्या रेवणप्पा किराणावाल्याला तिळमात्र शंका नव्हती. फक्त शिवकांताला विचारायचं तेवढं राहिलं होतं! दुकान मोक्याचं, जातगोत जुळणारं, आणि तिचे वडील कल्याणप्पा रोज संध्याकाळी त्याच्याच ओट्यावर बसून पान खायचे. आता गडी अंगानं चिपाड होता, हे खरं. पण नवरा काय पोती उचलायला करतात?

माशी शिंकली ती चन्नबसप्पा पैलवान गावात आल्यावर. निजामाच्या राज्यात बिदरपासून परंड्यापर्यंत या लोहारा गावच्या गड्याचं नाव होतं. नळदुर्गच्या एका चहावाल्यानं तर त्याचा फोटो देवांच्या रांगेत टांगला होता. जत्रेतल्या दंगलीसाठी तो आठ दिवस आधीच येऊन तालमीत उतरला आणि त्याच्या खुराकाचं दूध कल्याणप्पांच्या गोठ्यातून जायला लागलं. घेऊन कोण जायचं? शिवकांता.

दुकानाच्या गादीवरून तालमीचं दार नेमकं समोर दिसायचं. पहिल्या दिवशी तिनं दुधाची चरवी उंबऱ्यावर ठेवली आणि परत फिरली. तिसऱ्या दिवशी चरवी रिकामी होईस्तोवर थांबली. पाचव्या दिवशी तर हसत बाहेर आली! त्या दिवशी रेवणप्पानं इरम्माबाईला तुरीच्या डाळीच्या जागी हरभऱ्याची बांधून दिली आणि ती परत करायला आली तेव्हा वर तिलाच चार शब्द सुनावले. अंगानं काय, रेडासुद्धा मोठा असतो, असं तो ज्याला त्याला ऐकवू लागला. रात्रंदिवस त्याचा नुसता जळफळाट चालला होता.

दंगलीच्या दिवशी चन्नबसप्पाची सोलापूरकडची जोड आलीच नाही. मग रिवाजाप्रमाणे पैलवान उजवा हात वर करून कुस्तीच्या हौद्यात कडेकडेनं फिरू लागला. ज्याला लढायचं असेल त्यानं येऊन तो हात धरायचा आणि एकदा धरला की माघार नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. रेवणप्पालाही होतं. पण मत्सर आला की माणसाची अक्कल चरायला जाते.

हात धरायला कुणी पुढं येईना. फिरत फिरत पैलवान कल्याणप्पांच्या माळवदासमोर आला, त्यानं वर पाहिलं आणि तो तिथंच थांबला. माळवदावर बायकांच्या घोळक्यात शिवकांता उभी होती आणि ह्याचा हात आपला वरचा वरच! भरल्या गावात हा तिला खुणावतोय, असं रेवणप्पाला वाटलं. गर्दीतून मुसंडी मारून तो हौद्यात घुसला आणि त्यानं तो हात धरून खाली ओढला.

हलगी कडाडली. जोड मिळाली म्हणून गावानं एकच गलका केला. काय झालं हे रेवणप्पाला उमगायच्या आत दोघांनी त्याचं धोतर फेडून कुणाचा तरी ढगळ लंगोट त्याला चढवला होता. पंच होते कल्याणप्पा. तो त्यांच्याकडे वळून गयावया करू लागला.

"मामा, म्या नुसता हात खाली केला व्हता."

"धरला की न्हाय? मग झालं," कल्याणप्पा म्हणाले. "आता पळालास तर माझ्या दारात पाय ठिवू नको."

म्हणजे पळालं तर शिवकांता गेली आणि थांबलं तर जीव. रेवणप्पानं कुलदैवत आठवलं, कपाळाला माती लावली आणि डोळे मिटून तो पैलवानाच्या गळ्यात पडला.

चन्नबसप्पानं त्याची मान धरली ती झोळीतलं लेकरू धरावं तशी. मग कानाशी तोंड नेऊन तो पुटपुटला, "शेठ, भिऊ नका. हलकंच टेकवतो." पुन्हा थोड्या वेळानं म्हणाला, "एक इचारू का? ती दूध आणती, शिवकांता. तिला कुठं दिली हाय का? आठ दिस झाले, तिलाच इचारायचा धीर व्हईना."

रेवणप्पाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"दिली हाय," तो म्हणाला. "मला."

पैलवानाचे हात गळाले. गुडघे वाकले. गळ्यात लोंबकळणारा रेवणप्पा तसाच त्याच्यावर कोसळला आणि चन्नबसप्पाची पाठ मातीला लागली. चितपट!

चन्नबसप्पा मान खाली घालून तालमीत निघून गेला. पुढं तर विचारू नका. रेवणप्पाला फेटा बांधला, चांदीचं कडं घातलं, ते थेट कोपरापर्यंत सरकलं. खांद्यावरून मिरवणूक निघाली. कल्याणप्पांच्या दारात तो स्वतः होऊन खाली उतरला, कारण विचारायचा मुहूर्त यापेक्षा चांगला कुठला? शिवकांता चरवी घेऊन दारातच उभी होती.

"एवढा मोठा गडी तुमी पाडला कसा?" तिनं विचारलं.

एखाद्या डावाचं नाव सांगून मोकळं व्हावं की नाही? पण अंगात वारं शिरलेलं! पैलवानानं काय विचारलं आणि आपण काय ठोकून दिलं, हे त्यानं हसत हसत सगळं सांगितलं. शिवकांता हसली नाही.

"माझं लगीन ठरलंय एवढं ऐकून जो उताणा पडला," ती म्हणाली, "त्याला आता म्या न्हाय कशी म्हणू?"

आणि चरवी सावरत ती तालमीकडे चालू लागली.

रेवणप्पा तिच्यामागं निघालाही होता. पण हलगीवाल्यांना अजून अर्धं गाव फिरायचं होतं. पोरांनी त्याला पुन्हा खांद्यावर घेतलं, वरून गुलाल टाकला आणि वाजवत तालमीच्या अंगानं नेलं. एरवी तालमीची भिंत त्याच्या डोक्याच्या वर हातभर जायची. आज मात्र भिंतीपलीकडचं त्याला सगळं अगदी स्पष्ट दिसलं.