नानांचा बारका ऊस

आमचे नाना, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. सगळं घर एका होडीत त्यांनी कधी बसवलं नाही. खाडी ओलांडायची तर निम्मी माणसं या होडीत, निम्मी त्या. माझ्या लग्नातही तेच. नवरी पहिल्या होडीतून चौलला पोचली, कन्यादान करणारा बाप दुसऱ्या होडीत. ओहोटी लागली, दुसरी होडी गाळात रुतली. मुहूर्त गेला, वऱ्हाड उपाशी बसलं. नाना मात्र खुशीत. "भावोजी, नवरी तरी पोचली ना!"

पुढे त्यांनी आमच्या शेजारीच वाडी घेतली. स्वतः लग्न केलंच नाही. काड्यापेटीतल्या निम्म्या काड्या डाव्या खिशात, निम्म्या उजव्या. मीठ दोन बरण्यांत. का विचारलं की, "निम्मं ह्यात, निम्मं त्यात." लोक हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मी.

स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांनी नव्या जातीचा ऊस आला. मनगटाएवढा जाड, रसाची नुसती धार. गावात पहिला मी लावला. तुळशीच्या लग्नाला अलिबागच्या बाजारात माझ्या मोळ्या हातोहात गेल्या. मग जो तो माझ्या दारात बेण्याला. आमच्याकडे बेणं विकत नाहीत, मागेल त्याला द्यायचं. मी उसाचे तुकडे करकरून वाटले, छाती पुढे काढून वाटले. जुना बारका ऊस सगळ्यांनी उपटून टाकला. नानांनी निम्म्या वाफ्यांत तोच ठेवला.

"नाना, या काटक्यांनी काय दात कोरणार?"

"सगळ्या गावात एकच ऊस झाला, भावोजी. एकाला ताप आला की सगळ्यांना येनार."

"उसाला ताप? मग वैद्य बोलवा की!"

तिसऱ्या वर्षी ताप आला. पानं पिवळी पडून वाळली. ऊस उभा चिरला तर आत लाल, आणि आंबट वास. माझ्याच बेण्यातून रोग घरोघर गेला होता. नानांचा नवा ऊसही गेला. बारका तेवढा हिरवागार उभा.

त्याच पावसाळ्यात माझी बायको गेली होती. त्यात हे. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. नव्यानं लावायचं तर बेणं एकट्या नानांकडे, आणि मी ते मागणार कुठल्या तोंडानं?

मागावं लागलं नाही. नानांनी सगळा बारका ऊस कापला, घरोघर बेणं पोचवलं आणि प्रत्येकाला सांगितलं, "भावोजींनी पाठवलंय." खोटं सगळ्यांना कळत होतं. लोक माझ्याशी पुन्हा बोलायला मात्र लागले.

शेवटी नाना माझ्या वाडीत आले. दोघांनी मिळून दुपारपर्यंत ऊस लावला. काम संपलं तरी हे बांधावर बसलेलेच.

"नाना, घरी जायचं न्हाय?"

"जातो." उठले नाहीत. पायाची माती खरवडत म्हणाले, "ती होती तवा दुपारची कुंपणावरनं हाक मारायची. जेवलास का म्हणून. आता कोण इचारतं?"

मला तरी कोण विचारत होतं?

"हात धुवा," मी म्हणालो. "भाकऱ्या मी थापल्यात. जाड हायत. नावं ठेवायची न्हायत."

जेवले. मान खाली घालून दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी मागताना म्हणाले, "लई जाड हायत."