अकराशे मीटरवरचा लिंब

शेषराव फौजींनी मला यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत कधीही "या गुरुजी" म्हटलेलं नाही. शाळा सुटल्यावर मी वळणावर दिसलो की ते ओट्यावरून आवाज देतात, "गुरुजी, दोनशे साठ." म्हणजे मी त्यांना दोनशे साठ मीटरवर दिसलो. मी घरापर्यंत पोचतो तोवर पुढचा अहवाल तयार असतो. "डबा आज डाव्या हातात हाय. शर्टाचं दुसरं बटन तुटलंय. हेडमास्तरशी वाजलं जनू." तिन्ही गोष्टी खऱ्या असतात, म्हणून रागावताही येत नाही.

शेषराव फौजेत स्नायपर होते. लांबून, लपून, एका गोळीत नेम साधणारे. हवालदार म्हणून निवृत्त होऊन राजूरला परत आले आणि माझ्या नशिबाने शेजारी राहायला आले. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा पुण्यात. घरात ते एकटे आणि एक दुर्बीण.

जवळ आणि लांब हे शब्द त्यांच्या बोलीत नाहीत. एकदा गणपतीला आलेल्या एका भाविकाने त्यांना विचारलं, "मंदिर किती लांब आहे?" शेषराव म्हणाले, "चारशे ऐंशी. चढ हाय. वारा मागून हाय, बराबर जाल." तो माणूस पानटपरीवर जाऊन पुन्हा विचारू लागला.

लोकांच्या बैठकीत कॅलेंडर असतं, यांच्या भिंतीवर गावाचा हाताने काढलेला नकाशा आहे. गच्ची मधोमध, आणि तिथून प्रत्येक वस्तूचं अंतर. पाण्याची टाकी तीनशे चाळीस, पिठाची गिरणी एकशे नव्वद, शाळेची घंटा पाचशे पाच. माझ्या घरावर चौदा लिहून पुढे 'कायम' असा शेरा मारलाय. फौजेत याला काहीतरी भारी नाव असेल. गावात मात्र 'फौजीचा आकडा' म्हणतात आणि त्यावर डोळे झाकून पाइप विकत घेतात. विहिरीपासून मोसंबीपर्यंत किती पाइप लागेल, हे शेषराव गच्चीवरून अंगठा धरून सांगत. टेप लावणारा हळूहळू चेष्टेचा विषय झाला. मी तीस वर्षं गणित शिकवतोय, पण माझ्या उत्तरावर एवढा विश्वास माझ्या बायकोनेही कधी ठेवला नाही.

त्यांची दोन वाक्यं अख्ख्या गावाला पाठ आहेत. पहिलं, "आधी वारा बघ." हे ते कुणालाही, कशावरही सांगतात. माझ्या घरातून भांड्यांचा आवाज जरा जास्त आला की मला ओट्यावरच अडवून म्हणतात, "गुरुजी, आधी वारा बघा, मंग आत जा." दुसरं, "अर्धा श्वास सोड, मंग बोल." ग्रामसभेत एकदा सरपंच तावातावाने उठले, तेव्हा शेषरावांनी त्यांनाही हेच सांगितलं. सरपंचांनी श्वास सोडला आणि पुढचं भाषण विसरले. ती आमच्या गावातली सर्वात लवकर संपलेली सभा.

पोरं विचारतात, "फौजी आबा, किती मारले?" उत्तर ठरलेलं, "मी बघत व्हतो." पोरं नाराज होतात. मला मात्र त्यांनी एकदा सांगितलं होतं, "गोळी म्हंजे शेवटचा एक सेकंद, गुरुजी. त्याच्याआधी दोन-दोन दिवस निस्तं पडून बघायचं. समोरचा कवा उठतो, कोन्त्या पायानं लंगडतो, चहा कसा फुकून पितो. बघता बघता त्यो घरचाच वाटाया लागतो. मंग लई जड जातं." एवढं बोलून ते आत गेले. मीही पुन्हा कधी विचारलं नाही.

पण म्हणून त्यांना गंभीर माणूस समजू नका. मक्यात रानडुकरं घुसू लागली, तेव्हा शेषरावांनी गोणपाटाच्या चिंध्यांचा अंगरखा शिवला, त्यावर पाला खोचला आणि पहाटे बांधाला आडवे झाले. असे मिसळून गेले की गवत कापायला आलेल्या सोनाबाईने भारा त्यांच्या पाठीवर ठेवला आणि दमली म्हणून त्या भाऱ्यावर बसून निवांत तंबाखू मळली. हे तिच्या खाली अर्धा तास निपचित. मी नंतर म्हटलं, "अहो, निदान खाकरायचं तरी." तर म्हणाले, "हललं की संपलं." "आणि डुकरं?" "आल्ती की. माझ्या पायाजवळून गेली." "मग मारलं का नाही?" शेषरावांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बंदूक कुठं व्हती गुरुजी? मी बघायला गेल्तो."

सकाळी सात ते सव्वासात शेषराव दुर्बीण घेऊन गच्चीवर उभे असतात. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. आम्ही समजायचो, जुनी सवय आहे, डोळ्यांचा व्यायाम चाललाय.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला आकडा चुकला. बबनरावांच्या मोसंबीला शेषरावांनी तीनशे दहा सांगितले आणि पाइप पसरला तर बागेच्या अलीकडे पस्तीस मीटरवर संपला. बबनराव टेप घेऊन चौकात आले. "फौजीची बंदूक वाकडी झाली," ही गंमत संध्याकाळपर्यंत गिरणीपासून टाकीपर्यंत पोचली. शेषराव म्हणाले, "वारा व्हता." जमिनीवर पसरलेल्या पाइपाला वारा काय करणार, हे मी गणिताचा शिक्षक असूनही बोललो नाही. ओट्यावरून मला आकडा ऐकू येईना. ते नुसते "या" म्हणू लागले, आणि ते "या" ऐकून मला कसंतरीच व्हायचं.

अंगारकीची जत्रा आली. दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरली तरी बंदुकीने फुगे फोडायला देणाऱ्या फुगेवाल्याचं पाल मैदानात उभं होतं. मागे पांढरी ताडपत्री, मधोमध काळा बांबू, भोवती फुगे. बबनरावांनी दहा माणसांसमोर शेषरावांना गाठलं. "फौजी, हितून न्हाई, तिकडून. तीस पावलांवरून पाच फुगे फोडा. मी पंचायतीच्या माईकवरून सांगीन, बबनचा टेप खोटा."

शेषरावांनी नकार दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. त्यांनी पालातली छऱ्याची बंदूक आणि एक गोणपाट घेतलं, तीस पावलं मोजली आणि मैदानात पालथे झाले. मग म्हणाले, "गुरुजी, या. जोडीदाराबिगर बिलकुल मारत न्हाई मी. गोळी कुठं पडली ते जोडीदारानं सांगायचं."

इस्त्रीचा शर्ट घालून मी त्यांच्या शेजारी धुळीत पालथा पडलो. आमच्या मागे शंभरेक माणसं आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं.

पहिली गोळी सुटली. काहीच फुटलं नाही. लोक हसले. "वळखीची गोळी हाय," शेषराव पुटपुटले. "जत्रेतली बंदूक वाकडीच राहती. कुठं लागली?"

"पिवळ्या फुग्याच्या उजवीकडं, एक वीत. चार बोटं खाली."

दुसऱ्या गोळीला पिवळा फुटला. मागून आरोळी उठली. मीही ओरडणार होतो, तेवढ्यात शेषरावांनी अगदी हळू विचारलं, "गुरुजी, बांबूच्या डाव्या अंगाला काय हाय?"

"लाल फुगा. दिसतोय की समोर."

त्यांनी गाल बंदुकीला लावला. मग म्हणाले, "बांबूपासून किती बोटं?"

या माणसाला फुगे दिसत नव्हते. पांढऱ्यावरचा तो काळा बांबू तेवढा धूसर दिसत होता, आणि त्याच्या आधाराने, माझ्या शब्दावर, हा गोळी मारत होता. दोनशे साठवरून माझं तुटलेलं बटण पाहणारा माणूस. मागे अख्खं गाव उभं होतं आणि ही गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती.

मी हात लांब करून एक डोळा मिटला आणि आयुष्यात पहिल्यांदा बोटांनी मोजलं. "सहा बोटं डावीकडं. एक वर." लाल फुटला. "हिरवा, उजवीकडं तीन, दोन खाली." तो फुटला. निळा एकदा हुकला. "जरासं डावीकडं," मी म्हटलं, आणि पुढच्या गोळीला तोही गेला. पोरं ओरडत होती, आणि शेषराव मात्र अर्धा श्वास सोडून शांत पडले होते. पाचवा फुगा एकटा, दोऱ्याला टांगलेला. बंदुकीत शेवटची गोळी. मी बोटं धरली आणि नेमका वारा सुटला. फुगा झोके घेऊ लागला.

"थांबा," मी म्हटलं. कुणाला तरी हुकूम सोडावा असा माझा आवाज निघाला. टेकडीवर मंदिराचं निशाण फडफडत होतं. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. ते खाली आलं. "चार डावीकडं, उंची तीच. आता."

फुगा फुटला. पुढे काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण मला कुणीतरी उचललं होतं. बबनराव शेषरावांच्या गळ्यात पडून म्हणत होते, "माझा टेप खोटा, फौजी."

"न्हाई बबन," शेषराव म्हणाले. "टेप खरा व्हता." लोकांना तो मोठेपणा वाटला.

घरी येताना मी विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून. उजवा गेला, डावा जाऊन राह्यला. मोतीबिंदू हाय म्हनला डॉक्टर."

"अहो, जालन्याला अर्ध्या तासाचं काम आहे ते."

"अर्धा तास न्हाई. मंग पंधरा दिवस जिना चढायचा न्हाई म्हनतेत. पंधरा दिवस कोन बघनार?"

काय बघायचं, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दाखवलं. मला गच्चीवर नेलं, दुर्बीण हातात दिली. "टाकीच्या डावीकडं या. बांधावर मोठा लिंब. लिंबापासून दोन बोटं उजवीकडं. अकराशे."

तो कडुलिंब मला माहीत होता. त्याच झाडावरून, ते कुणाच्या हिश्श्यात यावर, शेषराव आणि त्यांचे थोरले भाऊ रंगनाथ सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोन बोटं उजवीकडे रंगनाथरावांचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, होतं. एक म्हातारा काठी टेकत बाहेर आला, अंगणात बाजलं ओढलं आणि चहा घेऊन बसला. खांदे हलले.

"बाहेर आला का?" शेषरावांनी विचारलं.

"आले. चहा पितायत. खोकतायत."

त्यांनी वही काढली आणि मला लिहायला सांगितलं. वहीत सात वर्षं होती. 'सात दहा. बाहेर. चाल ठीक.' 'सात बारा. डावा पाय ओढतो.' 'सात आठ. खोकला. नवीन स्वेटर.' दिवाळीनंतरच्या पानांवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा होतं, 'दिसला असं वाटलं.'

"ल्हानपनी जवारीच्या माळ्यावर दादानं गोफन शिकवली," शेषराव म्हणाले. "पाखरू दिसलं की मी घाई करायचो. दादा हात धरायचा. म्हनायचा, आधी वारा बघ. फौजेतल्या उस्तादानं लई नंतर तेच सांगितलं."

"मग जाऊन बोला की."

"कोन्त्या तोंडानं? कोर्टाचा कागद आधी मीच पाठवला."

पंधरा दिवसांची जबाबदारी मी घेतली, तेव्हा कुठे ते जालन्याला गेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाकू नका, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. शेषराव काळा चष्मा लावून अंधाऱ्या खोलीत असे पडले की मानही वळवेनात. आणि मी रोज सातला गच्चीवर, वहीत नोंद. तिसऱ्या दिवशी रंगनाथराव बाहेर आले, पण चहा घेऊन बसले नाहीत. डोळ्यांवर हाताची सावली धरून ते बराच वेळ आमच्या दिशेने पाहत उभे राहिले. चौथ्या दिवशी ते बाहेर आलेच नाहीत.

मी साडेसातपर्यंत थांबलो. बाजलं रिकामं. खाली आलो तर अंधारातून आवाज आला, "सात दहा का?"

मी वहीचं कोरं पान मिटलं. तेवढ्यात बोळात काठीचा आवाज आला. दारात रंगनाथराव उभे होते, घामाने निथळलेले.

"गच्चीवर ह्यो कोन येडा उभा राहून राह्यलाय चार दिसापासून?" त्यांनी मला विचारलं. "माझा भाऊ कुठं हाय?"

मी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"सात वर्सं झाली, रोज सातला वर येतो. मला काय दिसत न्हाई? त्याला दिसावं म्हनून मी थंडीतसुदिक बाजलं बाहेर टाकतो." बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. ते दाराच्या चौकटीला धरून खोकत राहिले.

आत बाज करकरली. हललं की संपलं म्हणणारा माणूस उठून बसला होता. सात वर्षं त्याने तो खोकला नुसता खांद्यांवरून ओळखून वहीत लिहिला होता. कानावर आज पहिल्यांदा पडला.

"गुरुजी," शेषराव म्हणाले. "ह्यो खोकला लई खराब हाय. जल्दी डॉक्टरला आना."

"तू गप पड," रंगनाथराव म्हणाले, आणि काठी दाराशी टेकवून आत जाऊन त्यांच्या उशाशी बसले.