गुप्तेकाकांचं ठाणे-दर्शन

आमच्या कोपरीच्या सोसायटीत आलेला पाहुणा एक वेळ चहा न घेता परत जाईल, पण ठाणं न बघता जाऊ शकत नाही. तळमजल्यावर गुप्तेकाका राहतात ना!

काका बँकेतून रिटायर झालेत, एकटेच असतात. फाटकातून नवा चेहरा आत आला की पायात चप्पल सरकवून हजर. "ठाण्यात नवीन? चला." गीझर दुरुस्त करायला आलेला माणूस, मीटरवाला, माझ्या नागपूरच्या सासूबाई, कोणीही सुटलेलं नाही. रिक्षाचं भाडं काकाच देतात, त्यामुळे नाही म्हणणंही जड जातं.

दर्शनाचा क्रम ठरलेला. आधी खाडी. "उपनगर? कोण म्हणतं उपनगर? बंदर आहे हे! इथे जहाजं लागायची तेव्हा मुंबई म्हणजे नुसती बेटं होती, लक्षात असू द्या." मग स्टेशन. "देशातली पहिली आगगाडी मुंबईहून निघाली ती कुठे आली? ठाण्याला. म्हणजे मुंबईकरांना पहिल्यापासून यायचं कुठे होतं?" मग किल्ला. त्यात आता तुरुंग आहे, म्हणून तो बाहेरूनच. शेवटी तलावपाळी आणि तलावात बोटीची फेरी. अर्धवट ठाणं दाखवणं हा काकांच्या लेखी ठाण्याचा अपमान. गीझरवाला किल्ल्यापाशी "काका, दुसरीकडे काम आहे" म्हणून निघायला लागला, तेव्हा काकांनी त्याची हत्यारांची पिशवी मांडीवर घेतली, ती बोटीतून उतरल्यावरच परत दिली.

उतरल्यावर मात्र विचारणार, "कंटाळा कुठे आला? खरं सांगा." सासूबाई स्पष्टवक्त्या. "किल्ल्यापाशी लय बोलता बाप्पा तुम्ही!" सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणाचं अक्षरही ऐकून न घेणारा हा माणूस मुकाट्याने मान हलवून मोकळा झाला, आणि पुढच्या खेपेपासून किल्ला चार वाक्यांत आटपायला लागला. मीटरवाल्याने जांभई दिली तशी त्यांनी त्याला मधेच श्रीखंडाची गोळी दिली. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाले, "अगं, तुरुंग म्हटलं की भीती वाटते का? सांगू की गाळू?" मला वाटलं, काका आता कामातून गेले.

डिसेंबरात उलगडा झाला. त्यांची मुलगी मंजिरी मेलबर्नहून आली, सोबत नऊ वर्षांची नात इरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आमच्याकडे आले. आवाज कधी नव्हे तो खाली.

"मागच्या वेळी इरा म्हणालेली, आजोबा, इथे बघायला काहीच नाही. सगळी सुट्टी घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये गेली. मंजिरी म्हणते, पुढच्या सुट्टीत कुठे जायचं ते इरा ठरवणार. तिला परत यावंसं वाटलं पाहिजे गं. उद्या तू बरोबर चल. कंटाळलेली दिसली तर मला खूण कर."

म्हणजे गीझरवाला, मीटरवाला, सासूबाई, आम्ही सगळे तालमीला होतो.

दुसऱ्या दिवशी काका इतके धास्तावले होते की बंदर सांगताना जहाजंच विसरले. स्टेशनचा हुकमी प्रश्नही त्यांनी चाचरतच विचारला. किल्ल्याच्या भिंतीपाशी इरा म्हणाली, "आजोबा, बस आता."

काकांचा चेहरा उतरला. हात खिशातल्या गोळीकडे गेला. "कंटाळा आला का गं?"

"नो! पण तुम्ही म्हणालात ते बोटीचं लेक आज नको. नेक्स्ट टाइम. माझ्यासाठी काहीतरी ठेवा ना."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा रिक्षा किल्ल्यावरून मागे वळवली. मान बाहेर काढून कितीतरी वेळ ते वाहतूक बघत राहिले. त्यांना किती आनंद झाला होता ते पाठमोऱ्या माणसाकडे बघूनही कळत होतं.

मायलेकी परत गेल्या. गेल्या आठवड्यात कराडहून माझी मावशी आली. तिलाही दर्शन झालं, पण किल्ल्यापाशी काका म्हणाले, "झालं. हे आमचं ठाणं."

"काका, तलाव राहिला की!" मी म्हटलं.

"तो नको," काका म्हणाले. "तो इराचा आहे. ती आली की."

परतताना रिक्षा नेमकी तलावाच्या कडेनेच आली. मावशी वाकून वाकून बघत होती. काका मात्र तलाव मागे पडेपर्यंत दुसरीकडे तोंड करून बसले होते.