दरवाजाला अजून चार बोटे

गोविंद मेस्त्रींनी आपल्या घराच्या दरवाजाची मला ओळख करून दिली, तेव्हा दरवाजावर मुंगळे चढत होते आणि मध्यावर दोन फणस लोंबत होते.

"हा दरवाजा," ते म्हणाले. "पलीकडचा बारका दिसतो, तो देवघराचा खांब. आणि त्या खोडाला टेकू नको, ती माजघराची तुळई आहे."

मी घाईघाईने सरळ उभा राहिलो.

पावसच्या अलीकडे आमची वाडी. आजूबाजूच्या गावांत मेस्त्रींच्या हातचा दरवाजा नाही असे घर सापडणे कठीण. स्वतः मात्र ते आणि यशोदाकाकी आपल्या जागेतल्या एका गवती मांगरात, म्हणजे खोपटातच, राहत. मांगराला दार म्हणून झावळ्यांचा झाप होता. तो संध्याकाळी ओढायचा आणि सकाळी बाजूला सारायचा. लग्न झाले त्या वर्षी मेस्त्रींनी जागेत फणस लावले. आपले घर आपल्याच झाडांचे करायचे, असे त्यांनी ठरवले होते. लोक आधी घर बांधतात आणि मग झाडे लावतात, हा त्यांच्या मते शुद्ध गाढवपणा. "आधी विचार करावा, मग फणस लावावा, मग वाट बघावी. घर काय, शेवटी होतंच."

अशी सव्वीस वर्षे गेली. दर पाडव्याला ते सुंभ घेऊन दरवाजाचा घेर मोजत आणि जाहीर करीत, "अजून चार बोटं कमी." मला कळू लागल्यापासून चारच बोटे कमी होती. दरवाजा वाढला, की त्यांच्या मनातली फळीही रुंद होई.

एकदा आमच्या शेळीने तुळईची साल खाल्ली. मेस्त्री भर दुपारी आमच्या अंगणात उभे. "भिकू, तुझ्या शेळीनं माझं माजघर खाल्लान!" माझ्या वडिलांनी हात जोडले, शेळीची बाजू घेण्यासारखे काही नव्हतेच. मे महिन्यात मात्र त्याच घरातून आमच्याकडे गरे येत. "दरवाजा कापा आहे," देताना मेस्त्री सांगत. "देवघराचा खांब बरका. जपून गिळा."

यशोदाकाकीला घराचे एवढे काही नव्हते. तिला एक कडी हवी होती. "आतून कडी लावून एकदा निजायचंय रे शिवा," ती मला म्हणे. "सव्वीस वर्षं झाप ओढतेय. कुत्रंसुद्धा विचारत नाय, सरळ आत." मग नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने, "मी मेल्यावर बांधा घर. तिरडी तरी दारातनं निघेल."

मेस्त्री रंधा मारता मारता गंभीरपणे सांगत, "साडेतीन फूट रुंद धरलाय. निघेल."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळे येते असे वाडीचे मत. पुण्याहून पहिल्या सुट्टीत आलो, तेव्हा मेस्त्रींनी मला घराचा नकाशा काढायला बसवले. मी तर्कशास्त्र आणि संस्कृत शिकत होतो, पण तसे सांगायचा धीर झाला नाही. माझ्या नकाशात चूल देवघरात गेली. मेस्त्रींनी कागद बराच वेळ उलटसुलट पाहिला. "चांगला आहे," ते म्हणाले, "पण आपण वेगळा करूया."

त्यानंतर दर सुट्टीत नकाशा बदलत गेला. आधी माळा गेला. मग पायऱ्या गेल्या. मग चूल दरवाजाच्या सरळ रेषेत आली, आणि मधल्या वाटेत काहीही ठेवायचे नाही असे ठरले. मी कारण विचारले, तर "तुला कळायचं नाय" एवढेच. मला खरेच कळले नाही. उतारवयात माणूस चक्रम होतो, असे मी मनाशी धरले.

परवाच्या दिवाळीत घरी आलो, तर दरवाजा जागेवर नव्हता. जमिनीलगत नुसता खुंट होता.

मी धावत मांगराकडे गेलो. पुढच्या मोकळ्या जागेत जांभ्या चिऱ्यांचे जोते घातले होते, आणि त्यावर एकटी चौकट उभी. भिंती नाहीत, छप्पर नाही. चौकटीत पिवळेधमक दोन फळ्यांचे दार, आणि मेस्त्री त्याला पितळी कडी ठोकत होते.

"काका, ओलं लाकूड?" मी चाचरत विचारले. ओल्या लाकडाचे दार मागणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यांनी हाकलून दिलेले मी पाहिले होते. "हे वाकेल ना?"

"वाकेल." त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "तिचे डोळे जातायत, शिवा. तीन वर्षं झाली. रत्नागिरीच्या डॉक्टरनं सांगितलान, पावसाळ्यापर्यंत काय दिसेल तेवढं. भिंती ती हातानं चाचपेल. दरवाजा तिनं बघायला हवा. मागनं वाकू दे."

मला माळा आठवला, पायऱ्या आठवल्या.

काकी पदराला हात पुशीत आली. दाराच्या अगदी जवळ तोंड नेऊन तिने वरपासून खालपर्यंत पाहिले. "किती पिवळा हा! हळद लावलीत काय त्याला?" मग ती जोत्यावर चढून चौकटीतून आत गेली आणि वळून म्हणाली, "व्हा बाहेर दोघं."

आम्ही बाहेर झालो. दार लागले. कडी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली.

दोन्ही बाजूंना सगळे मोकळे होते. चार पावले चालून कुणीही आत गेले असते. मेस्त्री जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी बोटाने दार वाजवले.

"कोण?" काकीने आतून विचारले.

"मी गे, मी."

"थांबा तिथंच. एवढ्यात उघडायची नाय."

मेस्त्री थांबले.