थोरल्या वहिनी आणि कासवाचा प्रश्न

मीरा, निखिल,

आपल्या शेजारचे गणूतात्या मगरीला मगर म्हणत नाहीत. तिला "थोरल्या वहिनी" म्हणतात. नदीवर वावरायचं तर तिथल्या वडीलधाऱ्या बाईचं नाव घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं. "वहिनी वाळूवर उन्हाला बसल्यात," असं त्यांनी गल्लीत सांगितलं की त्या दिवशी कुणी घाटावर धुणं नेत नाही. पाणमांजरं म्हणजे भाऊबंद: "सात जण आलतं. मासा एक, आन् भांडण समद्यांचं." खंड्या हा जावई, कारण तो सकाळपासून नुसता नटून बसतो.

तात्या नदीवरच्या पंपघरात नोकरीला होते. निवृत्त झाले तरी पहाटे पंचगंगेवर जाणं सुटलं नाही. परतताना माझ्या दारात थांबायचे, चिखलाच्या पायांनी, नेमकी फरशी पुसून झाल्यावर. "बाई, नातवंडास्नी कळवा की," म्हणून नदीची बातमी द्यायचे. घरी त्यांचं ऐकायला कोणी नाही.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजीतून बारमाही नद्या शिकवल्या. आपल्या नदीत पाणमांजरं आहेत हे मला तात्यांकडून कळलं. तरी माझं लक्ष फरशीकडे.

लिहायला लाज वाटते, पण तुम्हाला यातलं मी काहीच कळवलं नाही. "पोरं काय म्हनली?" असं त्यांनी विचारलं की मी काहीतरी ठोकून द्यायचे. खूश झाली, हसली. एकदा दार लावायच्या घाईत मी म्हणाले, मीरा विचारते, पूर आला की कासव कुठं जातं?

 इतक्या वर्षांत हे तात्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

यंदा पाणी चढू लागलं, त्या दिवशी ते कासव शोधायला घाट उतरले आणि शेवाळावरून घसरले. पाय मोडला. मी डबा घेऊन भेटायला गेले, तर खाटेवरून मलाच समजावू लागले. "बाई, पोरीला म्हणावं, रुसू नगंस. औंदा न्हाय घावलं. फुडच्या पुरात बघून सांगतो."

खरं काय ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मी डबा ठेवून परत आले.

रविवारी फोन त्यांच्या खाटेपाशी नेणार आहे. आधी खरं काय ते मी त्यांना सांगेन. त्यानंतर ते बोलतील की नाही, माहीत नाही. बोलले, तर मीरा, तुला खरंच जे विचारावंसं वाटेल ते विचार. आणि उत्तर संपेपर्यंत ऐक.