गुलाबराव आणि गरम खुर्ची

कुणी नुकत्याच सोडलेल्या जागेवर हवालदार गुलाबराव भोयर कधी बसत नसत. बसमध्ये नाही, लग्नाच्या मांडवात नाही, न्हाव्याकडेही नाही. आधी खुर्चीवर तळहात ठेवायचे, वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "गरम आहे. थंडी होऊ दे." आमचा न्हावी त्यांना रस्त्यावर पाहिलं की आधीच खुर्चीवर ओलं फडकं मारून ठेवायचा.

वाडीला मी ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होतो, तिथल्या गोदामावर ते चौकीदार होते. त्याआधी तोफखान्यात. पासष्टच्या लढाईत एका तोफेचे 'नंबर एक', म्हणजे तोफेवरच्या सगळ्यांचे मुख्य. आपल्या बॅटरीचा, म्हणजे तोफांच्या तुकडीचा, इतिहास ते रोज सांगत. तोफा रेल्वेत कशा चढवल्या, उसाच्या शेतात खड्डे कसे खणले, चहात माती कशी पडायची. हमालांना तो पाठ झाला होता. गुलाबरावांना एका कानाने ऐकू येत नसे, आणि 'पुरे' हा शब्द नेमका त्याच कानावर पडायचा.

"काकाजी, दुश्मन किती मारले?" असं कुणी विचारलं की मात्र बिघडायचे.

"मले काय दिसते गा तेथून? गोळा जाते चार कोस. त्यायचे मेलेले त्यायले दिसतात, आपले आपल्याले."

इतिहास एका सकाळपर्यंत यायचा आणि अडायचा. पुढचं विचारलं तर म्हणायचे, "हे असं बिडी पिता पिता नाही सांगायचं, बाबू. चारचौघांत सांगीन, माइकवर. इतिहास पुरा पाहिजे." एवढं काय शिल्लक आहे, आम्हाला कळत नसे. जिंकलेल्या लढाईत सांगायचं काय उरतं?

मग एका सव्वीस जानेवारीला ट्रान्सपोर्टवाल्या मालकांना देशभक्तीचा झटका आला. आजी-माजी जवानांचा सत्कार ठरला. पाहुणे म्हणून तोफखान्यातलेच एक निवृत्त साहेब. "दोन शब्द" बोलायला गुलाबरावांचंही नाव घातलं होतं. आठवडाभर ते ट्रकच्या बॉनेटसमोर उभे राहून भाषण घोकत होते. कोटाला पदकं, डोक्याला तेल, आणि कधी नव्हे ती मिशीला कात्री.

साहेबांनी छापील इतिहासातून वाचून दाखवलं, "त्या दिवशी या बॅटरीचा मारा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक क्षणही थांबला नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला.

गुलाबराव उठले. "थांबला होता, साहेब!"

हॉलमध्ये खसखस पिकली. साहेब समजुतीने म्हणाले, "हवालदार, ही तारीफ आहे."

"तारीफ आहे, पण झूठ आहे. थांबला होता."

मालकांचा चेहरा पडला. मालकांच्या सेक्रेटरींनी चपळाईने गुलाबरावांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ कोंबला आणि माइक आभार मानणाऱ्याकडे दिला. आपल्याकडे माणसाला गप्प करायला शालीसारखी सोय नाही. साहेब सज्जन होते, ते आपल्या खुर्चीवरून उठले. "बसा, हवालदार." गुलाबरावांनी खुर्चीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि उभेच राहिले. मग तर सभा पोट धरधरून हसली.

बस स्टॉपवर ते नारळ घेऊन उभे होते. मी विचारलं, "काकाजी, काय थांबलं होतं?"

 ते म्हणाले, "नंबर तीन नेम लावते. आमचा नंबर तीन वसंता. काटोलकडचा. तोफेच्या डाव्या बाजूले त्याची सीट. बाजूलेच त्यायचा गोळा पडला. माझा कान गेला, वसंता बसल्या बसल्या गेला. तिकडून फोनवर हुकूम चालूच, फायर, फायर. म्या त्याले उचलून खाली ठेवलं अन् त्याच्या सीटवर बसलो."

त्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"सीट गरम होती गा."

 मला त्या शालीची, त्या टाळ्यांची अंगाची आग होईल अशी चीड आली.

"त्याले उचलून ठेवायले जेवढा वेळ लागला, तेवढा मारा थांबला होता, बाबू. जास्त नाही. तेवढा वेळबी हे लोक त्याले देऊन नाही राहिले."

बस आली, आम्ही चढलो. समोरच एक बाई उतरायला उठली आणि जागा रिकामी झाली. गुलाबरावांनी तळहात ठेवला. मी त्यांच्या शेजारी दांडी धरून उभा राहिलो.

कंडक्टर ओरडला, "जागा असून काहून उभे गा दोघं?"

गुलाबरावांना ऐकू गेलं नाही. मीच म्हटलं, "गरम आहे. थंडी होऊ दे."

तेवढ्यात मागून एक जण आमच्यामधून घुसला आणि तिथे बसला.